कुत्रीचं बाळंतपण आणि डिसेंबरची थंडी

भाद्रपद आणि कुत्री यांचा संबंध मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. त्यावरचे वाक्प्रचार आपण चारचौघांत वापरत नाही, इतकंच. पण त्यामागचा हिशेब साधा आहे. कुत्रीचा गर्भकाळ सरासरी ६३ दिवसांचा, म्हणजे दोन महिन्यांहून किंचित जास्त. भाद्रपद-आश्विनात माजावर आलेली कुत्री कार्तिक-मार्गशीर्षात विते. घरात वाढलेल्या, जातिवंत म्हणवणाऱ्या कुत्र्या कुठल्याही ऋतूत माजावर येऊ शकतात. पण गावठी आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांची बरीचशी पिल्लं आपल्याकडे नेमकी थंडीच्या तोंडावर जन्माला येतात.

मी माणसांचा डॉक्टर. सरकारी रुग्णालयात काम करतो. तेव्हा कुत्रीच्या बाळंतपणावर मी का लिहावं, असं कुणी विचारलं तर ते बरोबरच आहे. पण थंडीचे चार महिने आमच्या श्वानदंशाच्या खोलीत एक वाक्य रोज कुणी ना कुणी बोलतं : “डॉक्टर, कुत्री आपलीच आहे हो, कधी चावत नाही. आत्ताच व्यालीय, म्हणून...” याच महिन्यांत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसं बेशुद्ध होऊन येतात. आणि पिल्लांशी खेळताना ओरखडे आलेली मुलं तर विचारू नका. म्हणून यंदा हा विषय घेतला. पशुवैद्यकीय मुद्दे एका जुन्या पशुवैद्यक मित्राकडून तपासून घेतले आहेत. तरी तुमच्या कुत्रीसाठी शेवटचा शब्द तिला तपासणाऱ्या पशुवैद्यकांचाच.

पिल्लू का गारठतं

मोठ्या कुत्र्याच्या शरीराचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. आपल्यापेक्षा जास्त. त्यामुळे अनेकांची समजूत अशी, की कुत्रं मुळात गरम रक्ताचं, त्याला काय थंडी! नवजात पिल्लाची गोष्ट अगदी उलटी आहे. पहिल्या आठवड्यात त्याचं तापमान ९५ ते ९९ अंशांच्या दरम्यान असतं आणि तेही त्याचं स्वतःचं नसतं, आईकडून आणि भावंडांकडून उसनं घेतलेलं असतं. आपल्याला थंडी वाजली की हुडहुडी भरते, स्नायू थरथरतात आणि त्यातून उष्णता तयार होते. जन्मल्यावर पहिला आठवडाभर तरी पिल्लाला ही हुडहुडीच भरत नाही. अंगावर चरबी नावापुरती, यकृतातला साखरेचा साठा काही तास पुरेल इतका, आणि वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा. त्यात ते जन्माला येतं तेच ओलं. ओल्या अंगाने पहाटेच्या गार फरशीवर पडल्यावर काय होईल, याची कल्पना करा.

आमच्याकडे नवजात बाळांच्या कक्षात कमी वजनाच्या बाळाचं असंच होतं. बाळ थंड पडलं की ते नीट ओढत नाही. ओढत नाही म्हणून रक्तातली साखर उतरते. साखर उतरली की आणखी थंड पडतं. पिल्लाच्या बाबतीत या चक्रात आणखी एक क्रूर वाटणारी कडी असते. गार पडलेल्या, हालचाल मंदावलेल्या पिल्लाला आई अनेकदा बाजूला सारते. “तिने टाकलं त्याला, तिला कळतं काही तरी,” असं घरचे म्हणतात. बऱ्याचदा तिला एवढंच कळलेलं असतं, की हे गार आहे. ते पुन्हा ऊबदार झालं की तीच आई त्याला चाटून जवळ घेते.

यातूनच सगळ्यात महत्त्वाची सूचना निघते, आणि ती आपल्या स्वभावाच्या विरुद्ध आहे. गारठलेल्या पिल्लाला आधी दूध पाजू नका. शरीर ९४ अंशांच्या खाली गेलं की त्याचं आतडं जवळजवळ थांबतं आणि चोखण्या-गिळण्याची क्रिया बिघडते. अशा वेळी ड्रॉपरने तोंडात सोडलेलं दूध पचत तर नाहीच, ते फुफ्फुसात जाण्याची भीती असते. आधी ऊब, मग दूध. ऊबही हळूहळू द्यायची, एक ते तीन तासांत. गरम पाण्यात बुडवणं, हेअर ड्रायर जवळ धरणं हे प्रकार नकोत. कोरडं करून, मऊ फडक्यात गुंडाळून सरळ आपल्या छातीशी, शर्टाच्या आत धरा. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास इनक्युबेटर कमी पडले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आज ती ‘कांगारू मातृसेवा’ आपल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात शिकवली जाते. पिल्लालाही ती चालते. फक्त तुमची बटणं त्याला टोचणार नाहीत, एवढं बघा.

जागा

निफाड थंडीत अधूनमधून ५ अंशांखाली जातं, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसतात, त्याचे फोटो छापून येतात. पण पिल्लासाठी बातमी तेवढ्यावर संपत नाही. पुण्या-नाशकातल्या साध्या घरात डिसेंबरच्या पहाटे खोलीच्या आत १६ ते १८ अंश सेल्सिअस असणं नेहमीचंच. नवजात पिल्लाला पहिल्या आठवड्यात त्याच्या अंगाजवळ २९ ते ३२ अंश लागतात. म्हणजे बारा-चौदा अंशांची तूट आपल्याला भरून काढायची आहे. संपूर्ण खोली तापवायची गरज नाही. पिल्लं जिथे पडतील तो हातभर तुकडा तापला पाहिजे. मुंबई-कोकणात ही तूट कमी. पण पंख्याखाली किंवा एसीच्या खोलीत तीच पुन्हा तयार होते.

जागा निवडताना आपल्या सोयीपेक्षा तिचा स्वभाव बघा. तिला आडोसा हवा असतो. येण्याजाण्याची वाट नको, टीव्हीसमोर नको, बाहेरच्या दारासमोर तर नकोच. विण्याच्या दोन आठवडे आधी तिची जागा तयार करून तिला तिथेच झोपायची सवय लावा. नाही तर ऐनवेळी ती पलंगाखाली, माळ्याच्या जिन्याखाली किंवा थेट तुमच्या कपाटात विणार आणि मग मध्यरात्री सगळं घर टॉर्च घेऊन ओणवं.

खोकं किंवा पेटी एवढी हवी की ती पाय ताणून आडवी होऊ शकेल आणि उठून वळू शकेल. एक बाजू आखूड ठेवा, तिला बाहेर पडता यावं पण पिल्लू लवंडून बाहेर जाऊ नये अशी. फ्रिजचं किंवा टीव्हीचं जाड खोकं लहान कुत्रीला पुरतं. मोठ्या कुत्रीसाठी सुताराकडून फळ्यांची चौकट करून घ्यावी आणि आतून तिन्ही-चारही बाजूंनी, तळापासून साधारण १० सेंटिमीटर उंचीवर, एक पट्टी किंवा पाइप ठोकून घ्यावा. आई भिंतीला टेकून आडवी झाली तरी पट्टीखालच्या पोकळीत पिल्लू वाचतं. पहिल्या काही दिवसांत आईच्या अंगाखाली चिरडून जाणारी पिल्लं कमी नसतात, आणि ती आई निष्काळजी असते म्हणून नव्हे, तर थकलेली असते आणि खोकं अरुंद असतं म्हणून.

शहाबादी असो, मोझॅक असो की चकचकीत व्हिट्रिफाइड, आपली फरशी थंडीत अंगातली ऊब शोषून घेते. म्हणून खोकं थेट फरशीवर नको. खाली लाकडी पाट किंवा फळी, त्यावर गोणपाटाच्या दोन-तीन घड्या, त्यावर वर्तमानपत्रांचा जाड थर (हेही वर्तमानपत्र चालेल) आणि सगळ्यात वर धुतलेली जुनी सुती चादर. चादर घट्ट खोचलेली हवी. सैल घडीत पिल्लू गुंडाळलं जातं. लोकरीचा जुना स्वेटर किंवा सुटे धागे असलेली गोधडी नको. धाग्यात पाय अडकून सुजलेली पिल्लं पशुवैद्यकांकडे नेहमी येतात.

डांबरगोळ्यांबद्दल थोडं सविस्तर. थंडी आली की आपण ट्रंकेतून रग, घोंगड्या, जुन्या शाली काढतो आणि त्यातली सगळ्यात जुनी कुत्रीसाठी देतो. तिला वर्षभर डांबरगोळ्यांचा वास मुरलेला असतो. या गोळ्या बहुधा नॅफ्थलीनच्या असतात. नॅफ्थलीन रक्तातल्या लाल पेशी फोडू शकतं. माणसाच्या बाळांमध्ये, विशेषतः ज्यांना जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर जन्मतः कमी असतं त्यांच्यात, असे कपडे वापरल्याने तीव्र कावीळ झाल्याचं वैद्यकाला अनेक दशकांपासून माहीत आहे. त्यामुळे आमच्या वॉर्डात बाळाचे कपडे कुठल्या ट्रंकेतून काढले, हा प्रश्न आम्ही खरोखर विचारतो. कुत्र्यालाही नॅफ्थलीन विषारी आहे, आणि ट्रंकेत राहिलेली एखादी गोळी कुत्री चघळूनही टाकते. तेव्हा ते कापड आधी धुवा, मग दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका. वास पूर्ण गेला नाही तर ते वापरूच नका. काळ्या फिनाइलबाबतही हेच. पिल्लांचं खोकं फिनाइलने पुसायचं नाही. साबणाचं पाणी, मग साधं पाणी आणि ऊन, एवढं पुरे.

ऊब कशी द्यायची, आणि कशी नाही

कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवायची नाही. हे वाक्य मी दर हिवाळ्यात उच्चारतो आणि दर हिवाळ्यात कुणी तरी पेटवतंच. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची जुनी रीत आहे आणि कुत्रीचं बाळंतपणही लोक त्याच मायेने करतात. पण जुनी घरं कौलारू होती, झापाची होती, हवा कुठून ना कुठून खेळत असे. आजच्या स्लॅबच्या, काचेच्या खिडक्यांच्या खोलीत अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट जोराने चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. झोपेत असलेल्याला तेवढंही कळत नाही. कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहेत, पण त्यांच्यावर इथे विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन या यंत्राला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं आणि माणूस गुदमरत असताना ते ९८ दाखवू शकतं. खोलीत शेगडी असताना कुणाचं डोकं दुखायला लागलं किंवा कुत्री सुस्त पडली, तर दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि रुग्णालय गाठा.

ओवा-वावडिंगाची धुरीही नको. आम्ही ती माणसाच्या बाळाला देऊ नका म्हणतो, पिल्लाची फुफ्फुसं तर त्याहून चिमुकली.

मग काय वापरायचं? सगळ्यात सुरक्षित म्हणजे गरम पाण्याची रबरी पिशवी किंवा घट्ट झाकणाची बाटली, टॉवेलच्या दोन घड्यांत गुंडाळून. पाणी उकळतं नको. आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टॉवेलवरून सुखद ऊब वाटली पाहिजे. दर दोन-तीन तासांनी पाणी बदलावं लागतं, कारण गार झालेली पिशवी उलट पिल्लाची ऊब ओढून घेते. रात्री कोण उठणार, हे घरात आधीच ठरवा.

दिव्याची ऊब द्यायची असेल तर एक लक्षात ठेवा : एलईडी दिवा उजेड देतो, ऊब नाही. जुना पिवळा बल्ब आता सहज मिळत नाही. कुक्कुटपालनवाले पिलांसाठी जे ब्रूडरचे बल्ब वापरतात ते मिळतात. तो साखळीने पक्का टांगलेला हवा, नुसत्या वायरवर लोंबकळता नको. जाळी लावलेला हवा आणि कागद-कापडापासून दूर. खाली हात धरून पाच मिनिटं थांबा. तुमच्या हाताला चटका वाटत असेल तर दिवा वर घ्या. दिवा असो की पिशवी, ऊब खोक्याच्या अर्ध्याच भागाला मिळाली पाहिजे. नवजात पिल्लाला दिसत नाही, ऐकू येत नाही (डोळे उघडायला १० ते १४ दिवस लागतात), पण ते सरपटत गार-गरम जागा शोधतं. त्याला सरकायला गार कोपरा ठेवला नाही तर ते भाजतं किंवा अंगातलं पाणी आटून मरतं. हिवाळ्यात अति उबेनेही पिल्लं दगावतात, हे ऐकून लोकांना नवल वाटतं.

खोलीत साधा भिंतीवरचा थर्मामीटर असला तर उत्तम, पण पिल्लं स्वतःच सांगतात. एकमेकांवर ढीग करून कुईकुई करत असतील तर थंडी वाजतेय. खोक्यात दूर दूर पसरून, तोंड उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय. एकमेकांना टेकून शांत झोपली असतील, झोपेत मधूनच अंग उडत असेल, तर सगळं ठीक. दुसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी ऊब कमी करत जायची. महिन्याभराची पिल्लं २३-२४ अंशांत आनंदाने हुंदडतात.

विण्याची वेळ

५७ व्या दिवसापासून कुत्रीचं तापमान सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून घ्या. माणसांचा डिजिटल थर्मामीटर चालतो, टोकाला थोडं व्हॅसलिन लावून, आणि तो मग कायमचा तिचाच. तापमान ९९ च्या खाली उतरलं की साधारण २४ तासांत ती विणार. ती खात नाही, धापा टाकते, कागद टराटरा फाडते, कोपरे उकरते. ही पहिली अवस्था सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त चालते. त्या वेळी गर्दी करू नका. घरातलं एकच माणूस, ज्याच्यावर तिचा सर्वांत जास्त विश्वास आहे, ते जवळ असावं. मोबाइलचे कॅमेरे बाहेर.

दोन पिल्लांमध्ये अर्धा-एक तास जातो. पण ती अर्धा तास जोरजोरात कळा देतेय आणि पिल्लू येत नाही, पोटात पिल्लं असताना दोन तास काहीच घडत नाही, किंवा पहिलं पिल्लू येण्याआधीच हिरवट-काळा स्राव आला, तर वाट बघायची नाही. तोच हिरवा स्राव पिल्लू झाल्यावर आला तर तो वारेचा, त्याला घाबरायचं कारण नाही. रात्री फोन उचलणारे पशुवैद्यक कोण, हे आधीच विचारून ठेवा. जिल्ह्याच्या गावी शासनाचं जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं, नागपूर-मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, परळचं ‘बैलघोडा हॉस्पिटल’ तर मुंबईकरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. ५५ व्या दिवसानंतर काढलेल्या एक्स-रेत पिल्लांची संख्या मोजता येते; किती यायची आहेत हे माहीत असलं की “झाली का सगळी?” हा घोळ राहत नाही.

कळा वाढाव्यात म्हणून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन मेडिकलमधून आणून देणारे महाभाग आहेत. पिल्लू आडवं अडकलेलं असेल तर त्या इंजेक्शनने गर्भाशय फाटू शकतं. हे बायकांच्या बाळंतपणात आम्ही पाहिलेलं आहे. कुत्रीत वेगळं काही होत नाही.

आईने पिल्लाची पिशवी मिनिटभरात फाडली नाही तर ती तुम्ही फाडा. हातमोजे घालून, तोंड-नाक पुसून, खरखरीत टॉवेलने अंग चोळा. पिल्लाला हातात धरून गोल झोकांडे देण्याची जुनी पद्धत आहे, ती करू नका; मेंदूला इजा होते. माणसाच्या बाळाला उलटं धरून चापट मारण्याची पद्धत आम्हीही कधीच सोडली. नाळ पोटापासून दोन-तीन सेंटिमीटरवर उकळून घेतलेल्या दोऱ्याने बांधून पुढे कापा, टोकाला आयोडीन लावा. ओलं पिल्लू कोरडं होईपर्यंत उबेशेजारी ठेवा आणि लगेच आईला लावा. दुसरं येईपर्यंत वेगळं ठेवू नका.

त्या पहिल्या दुधाला, चिकाला, पर्याय नाही. गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो, पण पिल्लासाठी चीक हे औषध आहे. माणसाच्या बाळाला आईची बरीचशी प्रतिपिंडं वारेतूनच मिळालेली असतात. कुत्रीच्या वारेतून ती फार थोडी जातात. उरलेली सगळी चिकातून, आणि तीही पहिल्या २४ तासांतच आतड्यातून शोषली जातात. आई नसलेल्या पिल्लाला वरचं दूध द्यावं लागलं तर नुसतं गाईचं दूध पुरत नाही. कुत्रीच्या दुधात चरबी आणि प्रथिनं त्याच्या दुपटीहून अधिक असतात. पाणी घालून पातळ केलेलं गाईचं दूध म्हणजे तर उपासच. पिल्लांसाठीची दूध पावडर पशुवैद्यकांना विचारून आणा. अशा पिल्लांना पाजल्यावर ओल्या कोमट कापसाने मागची बाजू हळुवार पुसावी लागते. पहिले दोन-तीन आठवडे आईच्या चाटण्याशिवाय त्यांना शी-शू होत नाही.

स्वयंपाकघरातला काटा बाहेर काढा. पिल्लांना वेगवेगळ्या रंगाचा लोकरीचा नव्हे, सुती नाडीचा सैल पट्टा बांधून रोज एकाच वेळी वजन करा आणि लिहून ठेवा. सात ते दहा दिवसांत जन्माचं वजन दुप्पट व्हायला हवं. ज्याचं वजन दुसऱ्या दिवशीही वाढलं नाही, ते पिल्लू रडायच्या आधी काट्यावर सापडतं.

आईचं खाणं आणि आपलं औषधांचं कपाट

गाभण काळात पहिल्या पाच-सहा आठवड्यांत तिला फारसं जास्त लागत नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत हळूहळू वाढवत दीडपटीपर्यंत जा, थोडं थोडं, जास्त वेळा. पिल्लं पिऊ लागली की मात्र तिची भूक दुप्पट-तिप्पट होते आणि ती भागवायलाच हवी. डिंकाचे लाडू देऊ नका. त्यात मनुका-बेदाणे असतात आणि ते कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. कांदा-लसणाचा रस्साही नको.

“कॅल्शियम सुरू केलंय डॉक्टर, माझ्याच गोळ्या देते,” हे मला एका आजींनी अभिमानाने सांगितलं होतं. गाभण कुत्रीला मनाने कॅल्शियम देणं चुकीचं आहे. बाहेरून आयतं मिळू लागलं की हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते आणि दूध भरात आल्यावर, बहुधा दोन ते चार आठवड्यांनी, रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं. लहान जातीच्या, जास्त पिल्लांच्या कुत्र्यांत हे अधिक. ती बेचैन होते, पाय ताठतात, अंग थरथरतं, ताप चढतो, झटके येतात. थंडीच्या दिवसांत घरचे समजतात काकडतेय, आणि वर रग घालतात. व्यालेली कुत्री थरथरतेय आणि अंग मात्र तापलंय, तर पिल्लं बाजूला घ्या आणि त्याच तासाला पशुवैद्यक गाठा. शिरेतून दिलेल्या कॅल्शियमने ती डोळ्यांदेखत सावरते. पशुवैद्यक याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. बायकांमध्ये ज्याला आम्ही तेच नाव देतो तो रक्तदाबाचा आजार, हा तो नव्हे. पॅरासिटामोल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या आपल्या गोळ्या तिला अजिबात देऊ नका.

माझ्या खोलीत येऊ नये म्हणून

व्यालेली कुत्री पहिले दोन-तीन आठवडे मालकालाही गुरगुरू शकते. ती बदललेली नसते, पहारा देत असते. शेजारची मुलं, पाहुणे, पिल्लू बघायला आलेले भावी मालक यांना या काळात खोक्यापाशी नेऊ नका. घरातल्या लहान मुलाला एकटं तिच्या खोलीत सोडायचं नाही. पिल्लू उचलायचंच असेल तर ती फिरायला गेल्यावर.

चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून. मिरची पूड, चुना, हळद, तंबाखू काही लावू नका. कातडीवर नुसता ओरखडा असेल तर लस. रक्त आलं असेल किंवा जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली असेल तर लशीबरोबर जखमेत प्रतिपिंडांचं इंजेक्शनही. सरकारी दवाखान्यात कातडीत दिल्या जाणाऱ्या लशीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. हे चारही पूर्ण करा. कुत्री लस घेतलेली असली तरी येऊन दाखवा, ठरवू दे आम्हाला. ती लस गरोदर बाईला चालते, स्तनपान करणारीला चालते. “दिवस गेलेत म्हणून घेतली नाही” हे कारण ऐकलं की आमचा जीव वरखाली होतो, कारण रेबीज झाल्यावर आमच्या हातात जवळजवळ काही उरत नाही. आणि पिल्लू लहान म्हणून रेबीज नसतो, हेही खरं नाही. गल्लीतलं पिल्लू मुलांनी खेळवलं, ओरखडलं आणि ते पिल्लू चार दिवसांत मेलं, तर त्या सगळ्या मुलांना घेऊन या.

जंतांचंही तसंच. टॉक्सोकारा नावाचा गोलकृमी गाभण कुत्रीकडून पोटातल्या पिल्लांत आणि नंतर दुधातून जातो, त्यामुळे गोंडस दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पिल्लाच्या पोटात तो असतो असं धरून चालावं. त्याची अंडी लहान मुलाच्या पोटात गेली तर अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यात पोहोचतात आणि दृष्टी जाऊ शकते. दिलासा एवढाच, की ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना दोन-चार आठवडे लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलली, हात धुतले आणि पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध दिलं, की प्रश्न जवळपास मिटतो. रेबीजची लस पिल्लाला तिसऱ्या महिन्यात.

दारात व्यालेली

हे सगळं पाळलेल्या कुत्रीचं झालं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बांधकामाच्या वाळूवर व्यालेल्या कुत्रीचं काय? आयसर कोलकाताच्या संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या ९५ वेतांतली ३६४ पिल्लं पाहिली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वयात येईपर्यंत जेमतेम १९ टक्के उरली होती, आणि मृत्यूंपैकी सुमारे ६३ टक्के मृत्यूंना या ना त्या प्रकारे माणूस कारणीभूत होता.

तिला घरात घेऊ नका आणि पिल्लं हलवू नका, ती वाहनाच्या वाटेवर नसतील तर. वाऱ्याकडे पाठ करून एक खोकं आडवं ठेवा, खाली विटांवर फळी, त्यावर कोरडं गोणपाट. ओलं झालं की बदला. तिला रोज एका ठरलेल्या माणसाने, ठरलेल्या वेळी, पिल्लांपासून चार पावलं दूर खायला आणि पाणी द्यावं. ताटली तिच्यासमोर सरकवायला वाकू नये. मुलांना लांबून दाखवा. पिल्लं सहा-आठ आठवड्यांची होऊन दूध तुटलं, की नगरपालिकेच्या किंवा एखाद्या संस्थेच्या नसबंदी केंद्राला कळवून तिची शस्त्रक्रिया आणि लस करून घ्या, म्हणजे पुढच्या भाद्रपदात हाच प्रश्न दारात उभा राहत नाही. आणि तोवर रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, चाकांखाली वाकून बघा. रात्री उशिरा परतलेल्या गाडीचं इंजिन पहाटेपर्यंत कोमट असतं, आणि सरपटायला लागलेल्या पिल्लांना ते बरोबर सापडतं.